सहाव्या चौकटीतली खूण

आईचा रिपोर्ट चांगला आला. उजवीकडे काही नाही. डावीकडे काही असण्याचा प्रश्नच नव्हता, ती बाजू दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. डॉक्टर "पुढच्या वर्षी या" म्हणाले आणि सगळे घरी गेले.

हे आपण वाचलेलंच नाही असं धरून चालू. कारण गोष्ट सुरू होते त्या सकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला ते कळण्याची सगळ्यात जास्त गरज होती तो धाकटा मुलगा एका दहा मजली इमारतीत, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून दोर पुसत होता. त्याला आधीच सांगून टाकलं असतं तर त्याचं भलं झालं असतं. पण भलं व्हावं असं त्याने काही केलेलं नव्हतं.

फोन वाजला. आई.

"कुठे आहेस रे?"

"लिफ्टवर."

"लिफ्टमध्ये?"

"लिफ्टवर, आई. लिफ्टमध्ये लोक असतात."

"बरं, ऐक. आज तपासायला आपले जुने डॉक्टर होते. म्हणाले, मॅमोग्राफीचा रिपोर्ट दाखवा. मी कार्ड दाखवलं. म्हणाले, बाई, हे लिफ्टचं कार्ड आहे."

ते लिफ्टचंच कार्ड होतं. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत असं एक जाड पिवळं कार्ड टांगलेलं असतं. त्यावर महिन्यांच्या चौकटी असतात. मेकॅनिकने दर महिन्याला यायचं, दोर, ब्रेक, दरवाजा, गजर तपासायचा, चौकटीत बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची. आईचे उपचार संपले, ऑपरेशन झालं, सलाइनी झाल्या, किरण देऊन झाले, केस परत उगवायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी पुढचं वेळापत्रक सांगितलं. दर तीन महिन्यांनी हाताने तपासणी. सहा महिन्यांनी उरलेल्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे आईच्या भाषेत 'फोटो', आणि मग दर वर्षी एक. पाच वर्षं रोज एक गोळी. दुखणं परत आलं तर ते लहान असतानाच सापडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. थोरला मुलगा दूरच्या शहरात राहायचा आणि काळजी फोनवरून पाठवायचा. त्याने हे ऐकून अंगठा पाठवला. धाकट्याने कंपनीतून एक कोरं कार्ड उचलून आणलं, 'दोर' खोडून 'डॉक्टर' लिहिलं, 'दरवाजा' खोडून 'फोटो', 'गजर' खोडून 'गोळी', आणि फ्रीजवर चुंबकाने लावलं. 'ब्रेक' तसाच राहिला. त्याच्या खाली काय लिहायचं ते घरात कोणाला सुचलं नाही.

आईला ते कार्ड फार आवडलं. ती शाळेचे युनिफॉर्म शिवायची. चौकट, माप, रांग, खूण, या गोष्टींवर तिचा जीव. येईल त्याला ती सांगायची, "माझा मुलगा माझं मेंटेनन्स बघतो."

आता सहाव्या चौकटीत 'फोटो'समोर बरोबरची खूण होती, खाली धाकट्याची झोकदार सही होती, आणि फोटो काढलेला नव्हता.

हे कसं झालं ते सांगायचं तर लिफ्टवाल्यांचं एक गुपित फोडावं लागेल. मेकॅनिक कार्ड मशीनखोलीत भरत नाहीत. तिथे उकडतं, आणि पेन तेलकट होतं. ते कार्डं गोळा करून आणतात, सकाळी चहाबरोबर एका दमात पुढच्या दोन महिन्यांच्या खुणा करून टाकतात आणि मग सवडीने जाऊन लिफ्ट बघतात. काम होतं, नाही असं नाही. फक्त खूण आधी आणि काम मागून. आईच्या फोटोच्या दिवशी सकाळीही धाकट्याने अशाच बारा लिफ्ट उरकल्या, हात सुटलेला होता, त्या ओघात उठून फ्रीजवरची तेरावीही उरकली. फोटोची वेळ अकराची होती. त्याने रजा घेतलेली होती.

साडेनऊला कंपनीतून फोन आला. एका दाताच्या डॉक्टरांची नवी खुर्ची चौथ्या मजल्यावर नेत होते. खुर्चीला ओरखडा पडू नये म्हणून डॉक्टर स्वतः त्या खुर्चीत बसले होते. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वर अडकली. दुसरा माणूस मोकळा नव्हता. धाकटा आईला म्हणाला, "आज नको, उद्या जाऊ."

"बरं," आई म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती.

डॉक्टरांना खुर्चीसकट बाहेर काढायला दुपारचा एक वाजला. संध्याकाळी धाकटा घरी आला, पाणी प्यायला फ्रीज उघडला, खूण दिसली आणि त्याला बरं वाटलं. हा त्या धंद्यातला रोगच आहे. खूण दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. 'उद्या'चा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा झाला. मग खूण जुनी झाली, आणि जुन्या खुणेवर कोण संशय घेतो? तपासणीला दर वेळी नवा डॉक्टर असायचा. तो हाताने चाचपायचा, कार्डावर नजर टाकायचा, मान डोलवायचा. अशा नऊ चौकटी गेल्या.

"ऐकतोयस ना?" आई फोनवर म्हणाली. "रिपोर्ट कुठे ठेवलायस?"

लिफ्टच्या टपावर बसलेल्या धाकट्याने दोर पुसायचं फडकं खाली ठेवलं. त्याला दाताचे डॉक्टर आठवले, खुर्ची आठवली, उद्या आठवला. सत्य सांगायला ती जागा तशी चांगली होती. अंधार होता, तोंड दिसत नव्हतं. तो म्हणाला, "रिपोर्ट आला होता, पण... त्यांचं मशीन बिघडलेलं होतं म्हणे. परत काढायला लागेल."

"मशीन बिघडलं होतं?"

"हो. असं होतं. मशीनच ते."

"म्हणजे त्या वेळी उभं करून काढला, तोच ना? खोकला झालेला तेव्हा?"

तो खोकल्यासाठी काढलेला छातीचा साधा एक्स-रे होता, सातव्या महिन्यातला. बुडत्याच्या हाती आईने काडी नाही, अख्खं लाकूड दिलं होतं. "तोच," तो म्हणाला.

"बरं," आई म्हणाली. याही वेळी पटकन.

त्याच्याबरोबर कामाला एक सिनियर मेकॅनिक होता. डोकं केव्हा उडेल याचा नेम नसल्याने सगळे त्याला फ्यूज म्हणत. तो आठव्या मजल्याच्या दारात पाय सोडून बसला होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"कोणाचं मशीन बिघडलं?"

धाकट्याने सांगितलं. सगळं सांगितलं, खुर्चीतल्या डॉक्टरांसकट. फ्यूज उडेल असं त्याला वाटलं. उडावा असंही वाटलं. चारचौघांत कानाखाली बसली असती तर हिशेब तिथेच मिटला असता.

फ्यूज उडाला नाही. त्याने फडक्याने हात पुसले, बोट न् बोट वेगळं. "या लिफ्टला दोर किती?"

"पाच."

"एक तुटला तर?"

"चार धरतात."

"आणि चारही तुटले तर?"

"खालचे जबडे रुळाला धरतात."

"म्हणून आपली आधीची खूण खपते, बाबा. आपण चुकलो तरी दोर चुकत नाहीत." त्याने फडकं खिशात कोंबलं. "घरी किती दोर लावलेत?"

धाकट्याने मोजायचा प्रयत्न केला. थोरल्याचा अंगठा धरावा की नाही याचा त्याने बराच विचार केला.

त्याने त्याच दिवशी वेळ घेतली. पलीकडची बाई म्हणाली, पुढच्या महिन्यात आहे. तो म्हणाला, नऊ महिने उशीर झालाय. ती म्हणाली, मग एका महिन्याने काय होतंय. तो काही बोलला नाही. तो इतका वेळ काही बोलला नाही की शेवटी तिनेच विचारलं, "हॅलो? परवा चालेल का?"

मधल्या दोन दिवसांत तो आईशी अतिशय चांगला वागला. भांडी घासली. शिलाई मशीनला तेल घातलं. आई म्हणाली, "काय रे, नोकरी गेली का?" तिने पाणी मागितलं की तो धावत जायचा, आणि फ्रीज उघडताना डोळे मिटायचा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात तर फ्रीजचा दिवा होता, दार उघडलं की लागायचा. त्यात आईचं हात वर करून कपडे वाळत घालणं दिसायचं, तिचं दोनदा खोकणं ऐकू यायचं, आणि तो मनात नऊने गुणायचा. नऊ महिन्यांत एखादी गोष्ट किती वाढते? त्याने फोनवर शोधलं. फोनने त्याला सगळ्यात वाईट ते सगळ्यात आधी सांगितलं.

परवा उजाडला. तपासणी केंद्र चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्टने वर जाताना धाकटा छताकडे बघत राहिला, कारण आईकडे बघवत नव्हतं. खिडकीमागच्या कारकून बाईने फॉर्म पुढे ओढला.

"वय?"

आईने सांगितलं.

"ऑपरेशन?"

"डावं काढलंय."

"मागची मॅमोग्राफी कधी?"

धाकट्याने तोंड उघडलं. बिघडलेलं मशीन त्याच्या जिभेवर तयार होतं, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. पण समोरच्या भिंतीवर त्या केंद्राच्या मशीनचं प्रमाणपत्र लावलेलं होतं, शिक्क्यासकट.

"उपचारांच्या आधी," आई म्हणाली. "नंतर काढलीच नाही. सहा महिन्यांनी काढायची होती. आम्ही दोघांनी मिळून बुडवली."

कारकून बाईने 'बुडवली' असं लिहिलं नाही. तिने आडवी रेघ मारली.

धाकटा आईकडे बघतच राहिला. आई पर्समध्ये चष्मा शोधत होती. "आई..."

"नंतर. इथे नाही."

आतून तंत्रज्ञ बाई आली, गाऊन दिला, पडद्याकडे बोट केलं. थोड्या वेळाने पडद्याबाहेर आईचा हात आला. हातात एक कापडी गोळा होता. "धर. दाबू नकोस."

हा गोळा आईने स्वतः शिवलेला होता. दुकानातला महाग होता, शिवाय तिच्या मते त्याची शिवण हलकी. तिने युनिफॉर्मच्या अस्तराचं कापड घेतलं, आत मोहरी भरली आणि उजव्या बाजूच्या अंदाजाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन जुळवलं. तीनशे वीस ग्रॅम. "दोन्ही खांदे एका रेषेत राहिले पाहिजेत," ती म्हणायची, "नाहीतर कपडा एका बाजूला ओढतो."

धाकटा तो गोळा दोन्ही हातांत धरून बाकावर बसला. शेजारच्या गृहस्थांनी आधी गोळ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आतून आवाज येत होता. "पुढे या. अजून पुढे. खांदा सैल सोडा. आता दाबणार हं. श्वास धरा." धाकट्याने श्वास धरला. आतल्या बाईने "सोडा" म्हटलं ते त्याला ऐकू आलं नाही, म्हणून तो बराच वेळ धरून बसला.

मग दार उघडलं आणि तंत्रज्ञ बाई एकटीच बाहेर आली, समोरच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली, परत आली. आत जाताना म्हणाली, "एक फोटो परत घ्यावा लागेल."

"का?"

"डॉक्टरांना एक ठिपका दिसतोय. खालच्या बाजूला. गोल."

गोल.  धाकटा नऊ महिन्यांचा एक गोल ठिपका डोळ्यांसमोर आणू लागला, आणि तो ठिपका आला तो नेमका दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून आला. माणसं अशा वेळी नवस बोलतात. धाकट्याला बोलायला काही सापडेना. यापुढे कार्ड आधी भरणार नाही, असं तो मनात म्हणाला, आणि ते इतकं क्षुल्लक वाटलं की त्याने लगेच मागे घेतलं आणि मग घाबरून परत पुढे केलं.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या पँटवर तीन काळे दाणे होते. चौथा गुडघ्यावरून घरंगळत होता. त्याने गोळा उलटा केला. कडेला दोन टाके सुटले होते. आईची शिवण, जी तीस वर्षांत एकाही मुलाच्या युनिफॉर्ममध्ये उसवली नव्हती, ती उसवली होती.

तो उठला आणि दारावर थापा मारू लागला. "मॅडम! मोहरी!"

दार बोटभर उघडलं. "काय?"

"ठिपका गोल आहे ना? मोहरी असेल. चिकटली असेल. हे बघा, गळतंय." त्याने तीन दाणे तळहातावर धरले. "मी लिफ्टमेकॅनिक आहे," तो पुढे म्हणाला. का, ते त्यालाही कळलं नाही.

तंत्रज्ञ बाईने दाण्यांकडे पाहिलं. "काय काय घेऊन येतात लोक," ती म्हणाली आणि दार लावलं. आतून पाण्याचा आवाज आला, मग आईचं हसू, मग "हसू नका, हलतंय", मग "श्वास धरा".

दुसऱ्या फोटोत ठिपका नव्हता. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि सुरुवातीला आपण जे वाचलं नाही तेच बोलले. "काही नाही. पुढच्या वर्षी या." मग फॉर्मवरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "पण वेळेवर या. दर वेळी मोहरी नसते."

धाकट्याला वाटलं होतं, रिपोर्ट चांगला आला की सुटलो. तो सुटला नाही. उलट आता जास्त अडकला. ठिपका खरा निघाला असता तर रडता आलं असतं, कोणीतरी शिव्या दिल्या असत्या. आता सगळे हसत होते. खोटी खूण असलेली लिफ्ट नऊ महिने पडली नाही, म्हणून खूण खरी ठरत नाही, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

या लिफ्टला मशीनखोली नव्हती, म्हणून कार्ड शेजारच्या पेटीत टांगलेलं होतं; लिफ्टशी आल्यावर त्याने सवयीने त्या उघड्या पेटीतलं पिवळं कार्ड पाहिलं. सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने केलेल्या होत्या. शेवटच्या दोन खुणा अजून न उजाडलेल्या महिन्यांच्या होत्या.

"चांगली आहे ना लिफ्ट?" आईने विचारलं.

"जिन्याने जाऊ."

चार मजले उतरायचे होते. तिसऱ्यावर आई कठडा धरून थांबली.

"तुला काय वाटलं, मला कळलं नसेल? अरे, त्या मशीनमध्ये दोन पाट्यांच्या मधे दाबतात. उपचारांच्या आधी काढलेला, विसरेन मी? खोकल्याच्या एक्स-रेला कोणी दाबलं नव्हतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू त्या दिवशी 'उद्या' म्हणालास ना, तेव्हा मी कपडेसुद्धा बदलले नव्हते. नऊ वाजल्यापासून बसून होते, काय कारण सांगू म्हणून. पोट दुखतंय म्हणणार होते. तेवढ्यात तो दातवाला अडकला. त्याला मी मनातून फार आशीर्वाद दिले." ती एक पायरी उतरली. "मग फ्रीजवर बघते तर खूण. म्हटलं, झालं. मेंटेनन्सवाल्याची सही आहे. नव्या डॉक्टरांना मीच कार्ड पुढे करायची. ते 'छान' म्हणायचे. मलाही छान वाटायचं. परत त्या पाट्या बघायच्या नव्हत्या मला. मागच्या वेळी त्यातूनच सगळं निघालं होतं."

"मी खूण केली नसती तर..."

"तर मला दुसरं काही शोधावं लागलं असतं. सोपं करून दिलंस."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी आभार मानल्यासारखं म्हणाली. धाकटा पायरीवर बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं आपण एक काम विसरलो. आत्ता कळलं, घाबरलेल्या माणसाला आपण लपायला जागा करून दिली होती, वर दाराला स्वतःच्या सहीचं कुलूप लावून दिलं होतं.

"माझं चुकलं, आई."

"चुकलंच. नऊ महिने मी तुला पोटात ठेवलं, आणि नऊ महिने तू मला अधांतरी ठेवलंस. फिटंफाट." मग त्याचा चेहरा बघून तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "ऊठ. माझी डावी बाजू गळतेय, वाटेत सांडत जाईल."

घरी आल्यावर त्याने पेन काढलं आणि सहाव्या चौकटीतली खूण खोडायला फ्रीजसमोर उभा राहिला. आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "अंहं. कार्डावर खाडाखोड चालत नाही, तूच म्हणायचास."

"मग?"

"चूक झाली तर तुमच्याकडे काय करतात?"

"पर्यवेक्षकाकडे लेखी अर्ज करतात."

"कर की मग."

तिने गोळ्याचे सुटलेले दोन टाके घातले, तिसरा भरवशासाठी घातला, आणि गोळा काट्यावर ठेवला. तीनशे एकोणीस. तोवर धाकट्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कंपनीच्या नमुन्यात अर्ज लिहिला आणि कार्डाशेजारी चुंबकाने लावला. तो असा:

प्रति,
मा. पर्यवेक्षक,
फ्रीज विभाग, स्वयंपाकघर.

विषय: चौकट क्रमांक सहामधील खूण रद्द करून संबंधित दिवस परत मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, अर्जदाराने चौकट क्रमांक सहामध्ये प्रत्यक्ष तपासणीपूर्वीच खूण व सही केलेली असून, सदर तपासणी नऊ महिने उशिराने झाली आहे. निष्कर्ष समाधानकारक असला तरी त्याचे कोणतेही श्रेय अर्जदारास देण्यात येऊ नये. उशिरा केलेली तपासणी वेळेवर झाली असे धरता येत नाही, हा नियम अर्जदारास मान्य आहे. सबब, संबंधित दिवस सकाळी नऊ ते दुपारी एक एवढ्या मुदतीपुरता परत देण्यात यावा. सदर मुदतीत रुग्णाने पोटदुखीचे कारण पुढे केल्यास अर्जदार ते ग्राह्य धरणार नाही, तिच्याशेजारी बसून राहील व तिला बरोबर घेऊनच जाईल. दाताच्या डॉक्टरांनी तेवढा वेळ खुर्चीतच थांबावे, ही विनंती त्यांना स्वतंत्रपणे करण्यात येत आहे. दुपारी एकनंतरचा उर्वरित दिवस विभागाने स्वतःकडे ठेवून घेण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. तरी कृपया मंजुरी मिळावी, ही विनंती.